मूळ खोक्यासह

आमच्या घरात वस्तू जुनी होते, मोडते, भंगारात जाते. तिचं खोकं मात्र माळ्यावर राहतं. ज्या मिक्सरचं खोकं वर आहे तो मिक्सर कधीच कामवाल्या मावशींच्या गावी गेला. टीव्हीच्या खोक्यात जुन्या पडद्यांचं बिऱ्हाड आहे. "घर बदलायचं झालं तर लागतील," असं मी म्हणतो. आमच्या खानदानात घर बदलायचा प्रसंग १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर आलेला नाही आणि त्या दिवशीही कोणी खोकं शोधत बसलं नव्हतं. तरी मी माझ्या मुद्द्याला चिकटून आहे.

अशा माणसाच्या हाती, जिचं खोकं तिच्यापेक्षा देखणं आहे अशी वस्तू लागायला नको होती. पण लेक बॉस्टनला, तिच्याकडे जायचं ठरलेलं, आणि तिने फोनवर बजावलं, "बाबा, इंजिनाची घरघर बंद करणारा हेडफोन घ्या. नाहीतर उतराल तेव्हा डोकं भणभणलेलं असेल आणि ते तुम्ही आमच्यावर काढाल."

मी लगेच वाचायला बसलो. कोणतीही वस्तू घेण्याआधी तिचा इतिहास वाचायचा आणि घेतल्यावर तिचं माहितीपत्रक वाचायचं नाही, ही माझी पद्धत आहे. तर इतिहास असा. अमर बोस हे एमआयटीतले प्राध्यापक. वडील बंगालमधल्या स्वातंत्र्यचळवळीतले, ब्रिटिशांचा ससेमिरा चुकवून अमेरिकेला गेलेले. हे बोस १९७८ मध्ये झुरिकहून बॉस्टनला येत होते. विमानात मिळालेला हेडफोन त्यांनी कानाला लावला, तर संगीतापेक्षा इंजिनच जास्त ऐकू यायला लागलं. तुम्ही-आम्ही हवाईसुंदरीला हाक मारली असती. त्यांनी कागद काढला आणि बसल्या जागी गणित मांडलं: बाहेरच्या आवाजाची लाट माइकने टिपायची, तिच्या बरोबर उलटी लाट तयार करायची आणि दोघींना एकमेकींत जिरवून टाकायचं. अकरा वर्षांनी, १९८९ मध्ये, त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी असा हेडफोन बाजारात आणला आणि २००० मध्ये सामान्य प्रवाशांसाठी. मीही बॉस्टनलाच निघालो होतो. एवढ्याशा साम्यावर माणूस पैसे खर्च करतो. अर्थात घेतला तो दुसऱ्याच कंपनीचा. त्याचं खोकं जास्त चांगलं होतं.

घरी सगळ्यांसमोर उघडायला घेतलं. महागड्या वस्तूचं खोकं ओढून उघडत नाहीत. जाड पुठ्ठा, त्यावर हाताला मऊ लागणारा कागद, आणि झाकण इतकं नेमकं बेतलेलं की हवा आत शिरल्याशिवाय ते निघतच नाही. तेव्हा झाकण दोन्ही हातांनी वर धरून उभं राहायचं आणि खालचा भाग त्याच्या वजनाने सावकाश उतरू द्यायचा. गिऱ्हाइकाने जरा ताटकळावं आणि आत काहीतरी थोर आहे असं त्याला वाटावं, म्हणून हे मुद्दाम तसं बेततात.

"उघड की रे लवकर, मला कुकर लावायचाय," आई म्हणाली.

त्या ताटकळण्यात घात झाला. माझे हात अडकलेले, खोकं डोळ्यांसमोर उंच धरलेलं, आणि त्याच्या तळाचं पांढरं लेबल बायकोच्या बरोबर नजरेसमोर. आपल्याकडे वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ म्हणून एक नियमावली आहे. तिच्यामुळे बाहेरून आलेल्या मालावरही आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना, वर्ष आणि सर्व करांसहित कमाल किंमत छापावी लागते. ग्राहकाची फसवणूक होऊ नये हा हेतू. ग्राहकाच्या बायकोचीही होत नाही.

"चौतीस हजार नऊशे नव्वद?"

मी घरी 'पंधराच्या आतबाहेर' असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात सवलतीत पंचवीसला पडला होता. पण लेबलवर छापलेला आकडा आणि नवऱ्याच्या तोंडचा आकडा यांत कोणता खरा धरायचा याबद्दल आमच्या घरात कधीच वाद नव्हता. खालचा भाग अजून निम्माच उतरला होता, त्यामुळे मला पळताही येईना.

आत हेडफोन लगेच दिसत नाही. दिसते ती चेनची कडक केस. तिच्यात हेडफोन, दोन्ही कान एका ठरावीक दिशेला वळवून निजवलेला. वर पुठ्ठ्यावर त्याचं चित्र, कोणता कान कुठे वळवायचा त्याच्या बाणांसह. हेडफोन ठेवायला चित्र कशाला लागतं, असं म्हणून मी तो पुठ्ठा बाजूला टाकला. मधल्या कप्प्यात बारीक काळ्या तारेने आवळलेल्या दोन वायरी. एक ऐकायची, दोन्ही टोकांना साडेतीन मिलिमीटरची पिन असलेली. दुसरी चार्जिंगची, वीतभर. मग बऱ्याच भाषांतलं पातळ कागदाचं पुस्तक, वॉरंटी कार्ड, सिलिका जेलची पुडी. आणि बोटाच्या पेराएवढा एक काळा ठोकळा: एका बाजूला भोक, दुसऱ्या बाजूला सोन्याचा मुलामा दिलेल्या दोन पिना.

"आणि चार्जर?" बायकोने विचारलं.

चार्जर नव्हता. हल्ली नसतोच. तो तुमच्याकडे आहे असं कंपनी गृहीत धरते. वीतभर वायरीमागचं गृहीत मात्र मला अजून कळलेलं नाही. आमच्याकडचे प्लगपॉइंट खांद्याच्या उंचीला. त्या वायरीला लावलेला हेडफोन भिंतीवर अधांतरी लोंबतो. मग खाली स्टूल, स्टुलावर पोळ्यांचा डबा, डब्यावर मराठी शब्दकोश आणि शब्दकोशावर हेडफोन, अशी मांडामांड करावी लागली. पोळी हवी असली की चार्जिंग बंद.

हळूहळू सामान आपापल्या वाटेने गेलं. सिलिका जेलची पुडी आईने उचलली. सिलिका जेल हवेतला ओलावा खेचून घेतं, स्वतःच्या वजनाच्या साधारण चाळीस टक्क्यांपर्यंत पाणी धरून ठेवतं. जहाजातून आलेल्या मालाला दमटपणा लागू नये म्हणून ती पुडी घालतात. आईने हे वाचलेलं नाही, पण तिला ठाऊक होतं. पुडी कुरडयांच्या डब्यात गेली. 'खाऊ नका' असं त्यावर छापलेलं पाहून ती म्हणाली, "लिहावं लागलं, म्हणजे कोणीतरी खाल्लेलं दिसतंय." केसमध्ये तिचं बीपीचं यंत्र पट्ट्यासकट इतकं चपखल बसलं की ते बाहेर काढा म्हणायची माझी छाती झाली नाही. काळ्या तारांनी बायकोने मनी प्लांट खिडकीच्या गजाला बांधला. वीतभर वायर मेहुण्याने पाहिली. "भावजी, ही गाडीत फर्स्टक्लास," असं म्हणून त्याने ती खिशात घातली आणि तो पिंपरीला गेला. मी हरकत घेतली नाही. त्याने बदल्यात हातभर लांब वायर दिली आणि पोळ्यांचा डबा मोकळा झाला.

राहिला तो दोन पिनांचा ठोकळा. शेजारचे काका म्हणाले, "टू-पिन आहे, चार्जरच असणार," आणि तो घेऊन ते स्विचबोर्डाकडे निघाले. मी अडवलं. मी जाणकार आहे. "काका, सोनीचा पहिला वॉकमन आला १९७९ ला," मी सांगितलं, "त्याला हेडफोनसाठी दोन भोकं होती. का? दोघांना मिळून ऐकता यावं म्हणून. त्याच परंपरेतली ही वस्तू." वॉकमनची माहिती खरी आहे, पडताळून पाहा. अनुमान माझं. काकांनी मान डोलावली. मी ठोकळा ऐकायच्या वायरीच्या टोकाला बसवला, खट्ट आवाज झाला, आणि तो तिथलाच आहे याबद्दल माझी खात्री पटली.

मग चाचणी. बटण दाबलं आणि पंख्याची घरघर खरोखर नाहीशी झाली. पंखा फिरतोय, आवाज नाही. फ्रिज मुका. रस्त्यावरच्या बसचं इंजिन विरलं. एवढ्या शांततेत मला एकच आवाज स्वच्छ ऐकू येऊ लागला: आईचा. ही यंत्रं संथ, एकसुरी, खालच्या पट्टीतला आवाज उत्तम मारतात. माणसाचं बोलणं, तान्ह्याचं रडणं, कुकरची शिट्टी त्यांना तितकीशी जमत नाही. त्यामुळे आजवर पंख्याआड लपून राहिलेली तिची वाक्यं आता शेवटच्या शब्दापर्यंत पोचू लागली. बाजारात पंचवीस हजारांना मिळणारी ही सोय तिला फुकटात झाली.

रात्री बायको झोपल्यावर लॅपटॉपवर नाटक लावलं. ब्लूटूथवर माझा भरवसा नाही. वायर कुठून निघून कुठे जाते ते निदान डोळ्यांना दिसतं. ठोकळ्याची एक पिन लॅपटॉपच्या भोकात घातली. दुसरी कडेच्या वर हवेत राहिली, जोडीदाराची वाट पाहत. आणि लक्षात आलं की आवाज फक्त डाव्या कानात येतोय. उजवा ठार. माझाच कान गेला असेल म्हणून हेडफोन उलटा घातला. आता डावा ठार. याचा अर्थ शास्त्राला धरून एकच निघत होता: माल खराब.

बिलाच्या मागे शिक्का होता. पुण्यातलं दुकान, त्यामुळे मजकुरात एकही शब्द फुकट नव्हता: 'बदली सात दिवसांत. मूळ खोक्यासह. सर्व सामानासह. वाद घालू नये.'

मूळ खोकं! त्या रात्री मी पलंगावर उठून बसलो आणि बायकोला जागं करून माळ्याकडे बोट दाखवलं. इतकी वर्षं जे खोकं-खोकं म्हणून टोमणे खाल्ले, त्यांचा हिशेब चुकता व्हायची वेळ आली होती.

"खोकं आहे हो," ती कुशीवर वळत म्हणाली, "पण सर्व सामान कुठंय?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. मनी प्लांटने दरम्यान त्या तारेला दोन वेढे घातले होते; नखाने उलगडताना एक पान तुटलं, त्याबद्दल ऐकून घेतलं. मेट्रोने पिंपरीला गेलो. मेहुणा गाडी घेऊन कामाला गेलेला, वायर गाडीत. त्याच्या बायकोने पोहे केले, चहा केला, आणि "एवढ्यासाठी आलात?" असं तीन निरनिराळ्या सुरांत विचारलं. संध्याकाळी वायर मिळाली. त्या वायरीसारख्या वायरी नाक्यावर टोपलीत विकायला होत्या, हे मला येताना दिसलं.

सगळ्यात अवघड काम कुरडयांच्या डब्यात. झाकण काढलं तर आत एक नव्हे, पुड्यांची अख्खी पंगत. गोळ्यांच्या बाटल्यांतल्या, बुटांच्या खोक्यांतल्या, पर्सच्या खिशांतल्या, आईने कैक वर्षं जमवलेल्या. सगळ्यांवर 'खाऊ नका'. हेडफोनची कोणती? मी एकेक पुडी उजेडात धरून पाहिली, हुंगून पाहिली.

"अरे, कुठलीही ने. कामं सगळ्या एकच करतात," आई म्हणाली. ते खरं होतं. पण शिक्का 'मूळ' म्हणत होता. शेवटी जिला कुरडयांचा वास सगळ्यात कमी येत होता ती घेतली.

वॉरंटी कार्डाच्या पाठीवर दुधाचा हिशेब निघाला. तारखा, अर्धा लिटर, अर्धा लिटर, एक दिवस खाडा, पाहुणे आले त्या दिवशी दीड. मजकूर बॉलपेनचा, पुसला जाण्यापलीकडचा. बीपीचं यंत्र केसमधून काढताना आईने विचारलं, "परत आणशील ना ती डबी?" नंतर यंत्र लावून दाखवलं तेव्हा वरचा आकडा दीडशेच्या पुढे होता, आणि तो माझ्या नावावर लिहिला गेला.

आता भरायचं. हेडफोन केसमध्ये जाईना. डावा कान आत वळवला तर उजवा वर येई. दोन्ही बाहेर वळवले तर चेन अर्ध्यात अडे. बाणांचं ते चित्र आठवलं. पुठ्ठा रद्दीत गेला होता, रद्दी सकाळीच गेली होती. हेडफोन नाना कोनांतून फिरवून कसाबसा बसवला. ऐकायची वायर तशीच, टोकाला ठोकळा लावलेली, कप्प्यात कोंबली. मग खोक्याचं झाकण. ज्या झाकणाने उघडताना माझा अंत पाहिला, त्याने बंद होतानाही तीच तऱ्हा केली. ते निम्म्यावर येऊन हवेवर तरंगत राहिलं. मी वरून दाबलं. शेवटी त्यावर शब्दकोश ठेवून जेवायला बसलो. चटणी-कोशिंबिरीपर्यंत ते आपोआप खाली गेलं. या हवेला घाई केलेली चालत नाही, हे या निमित्ताने कळलं.

दुकानात काउंटरवर माझ्या लेकीच्या वयाचा मुलगा. मी खोकं ठेवलं, झाकण धरून उभा राहिलो, खालचा भाग सावकाश उतरू लागला. मागे रांग. मुलाने तेवढ्यात दोन गिऱ्हाइकांना बिलं दिली. मग मी सामान मांडलं: केस, वायरी, तारा, पुस्तक, कार्ड दुधाची बाजू खाली करून, पुडी. त्याने त्यातल्या कशाकडेही पाहिलं नाही. हेडफोन उचलला, स्वतःच्या फोनला ब्लूटूथने जोडला, गाणं लावलं, आधी एक कान ऐकला, मग दुसरा.

"दोन्ही चालू आहेत, काका. तुम्ही कसं ऐकत होता?"

मी वायर काढून दिली. त्याने टोकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग दोन बोटांत तो ठोकळा धरला आणि सरळ उपटला. खट्ट.

"हे विमानाचं आहे, काका."

मागचे एक गृहस्थ रांगेतून वाकून बघायला आले. "विमानातल्या सीटला दोन भोकं असतात," मुलगा म्हणाला, "एकात डाव्या कानाचा आवाज, एकात उजव्याचा. तुम्ही एकच पिन घातलीत, मग एकच कान वाजणार ना?"

"आणि हे खोकं?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"ते कशाला आणलंत?"

"शिक्का आहे तुमचा."

"तो बदलीसाठी, काका. आधी माल खराब पाहिजे."

घरी येऊन मी नेमाप्रमाणे त्या ठोकळ्याचा इतिहास वाचला. साठच्या दशकातल्या विमानांत कानाला वायर नसायचीच. हातात येई ती पोकळ नळी, डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपच्या जातीची. आवाजाचा पोंगा सीटच्या हाताखाली बसवलेला आणि तिथून आवाज हवेतून नळीवाटे कानात. पुढे विजेचे हेडफोन आले तेव्हा काही कंपन्यांनी दोन पिनांची पद्धत ठेवली. त्याचं एक कारण असं सांगतात की प्रवाशाने हेडफोन पळवला तरी घरच्या रेडिओला तो लागू नये. म्हणजे विमानकंपन्यांना चोरांची भीती, म्हणून दोन पिना. दोन पिना, म्हणून हेडफोनवाल्यांचा ठोकळा. आणि ठोकळा, म्हणून मी पिंपरीला. सोनीच्या २०२० च्या हेडफोनबरोबर हा ठोकळा मिळत असे, २०२२ च्या पुढच्या मॉडेलमधून तो काढून टाकला. ॲपलने २०२० मध्ये याहून बराच महाग हेडफोन काढला, त्याच्याबरोबर ऐकायची वायरच नव्हती, आणि केस अशी की कान झाकले जातात, वरचा पट्टा उघडाच. लोकांनी तिला पर्स म्हणून हिणवलं. बीपीचं यंत्र काही तिच्यात मावलं नसतं. या तुलनेत माझ्या कंपनीने मला दिलं ते भरभरून दिलं, वापरता न येणं हा माझा भाग.

यथावकाश बॉस्टनला गेलो. ठोकळा हरवू नये म्हणून शर्टाच्या आतल्या खिशात, पासपोर्टच्या शेजारी. सीटवर बसलो, पट्टा बांधायच्या आधी सीटच्या हाताखाली बोट फिरवून पाहिलं.

एकच भोक.

नुसती वायर लावली, दोन्ही कान वाजले. बटण दाबलं, इंजिन विरलं, अमर बोसांना मनातल्या मनात नमस्कार केला. मग त्या शांततेत शेजारच्या गृहस्थांनी त्यांच्या बायकोला सांगितलेली त्यांच्या भावकीतली जमिनीची केस मला फ्रँकफर्टपर्यंत संपूर्ण ऐकू आली. पुढची तारीख नोव्हेंबरात आहे.

केस सध्या आईकडे आहे, पुडी कुरडयांत, वीतभर वायर मेहुण्याने पुन्हा नेली. खोकं माळ्यावर. ठोकळ्याचा मात्र माझ्याकडे काही उपयोग राहिलेला नाही. दोन भोकांच्या विमानाने कोणी जाणार असेल तर त्याने जरूर घेऊन जावा. पैसे नकोत. फक्त घरी आल्यावर लॅपटॉपला लावू नये, आणि परत आणून द्यावा. खोक्यात त्याची जागा रिकामी दिसते.